आत्मचरित्राच्या आखणीसाठी स्क्रिव्हनर : सव्वादोन वर्षांच्या वापरानंतर

पाटबंधारे खात्यातून 2009 साली शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालो, तेव्हापासून आत्मचरित्र लिहायचे मनात होते. त्यासाठी लागणारा ऐवज घरातच होता: नोकरीतल्या 37 वर्षांच्या कामाच्या डायऱ्या, आईवडिलांची आणि आत्याची अंतर्देशीय पत्रे, दोन पत्र्याच्या पेट्या भरून छायाचित्रे आणि आईच्या बोलण्याच्या चार कॅसेट. अडत होते ते मांडणीपाशी. जन्मापासून सुरुवात करून मी तीनदा लिहायला बसलो आणि तिन्ही वेळा मॅट्रिकच्या वर्षापर्यंत येऊन थांबलो, कारण आठवणी क्रमाने येत नाहीत. शाळेतल्या मास्तरांविषयी लिहीत असताना 1984 सालच्या कालव्यावरच्या एका भांडणाची आठवण व्हायची, ती निसटू नये म्हणून फाइलच्या शेवटी टिपून ठेवायची, आणि होता होता शेवटची टिपणेच मूळ मजकुरापेक्षा लांब व्हायची. गेली सव्वादोन वर्षे हे काम मी स्क्रिव्हनर या लेखन-सॉफ्टवेअरमध्ये करीत आहे. आजवर 143 तुकडे लिहून झाले आहेत, त्यांपैकी सत्तरेक पुस्तकात जाण्याजोगे आहेत, आणि पुस्तकाचा आराखडा पहिल्यांदाच माझ्यासमोर स्पष्ट उभा आहे. मराठीत आत्मचरित्र लिहू पाहणाऱ्यांना, विशेषतः माझ्या वयाच्या माणसांना, या साधनाचा कितपत उपयोग होईल हे सविस्तर सांगावे असे वाटले.

स्क्रिव्हनर या शब्दाचा अर्थ लेखनिक. ब्रिटनमधल्या लिटरेचर अँड लाटे या कंपनीने ते 2007 साली प्रथम मॅक संगणकांसाठी आणले. त्याचे कर्ते कीथ ब्लाउंट हे मूळचे प्राथमिक शिक्षक. स्वतःच्या लेखनासाठी मनासारखे साधन मिळेना, म्हणून प्रोग्रॅमिंग शिकून त्यांनी ते घडवले. विंडोजसाठीची आवृत्ती 2011 मध्ये आली, आयफोन आणि आयपॅडसाठीची 2016 मध्ये, आणि सध्याची तिसरी आवृत्ती मॅकवर 2017 मध्ये व विंडोजवर 2021 मध्ये. मी विंडोजवरची तिसरी आवृत्ती वापरतो. अँड्रॉइड फोनसाठी ते नाही, हे आपल्याकडच्या बहुसंख्य वाचकांनी आधीच लक्षात घ्यावे.

पेशवे दफ्तरातले कागद जसे रुमालात बांधून ठेवलेले असतात, तसा स्क्रिव्हनरमधला एक प्रकल्प म्हणजे एक रुमाल असतो. पडद्याच्या डाव्या बाजूला बाइंडर नावाचा उभा पट्टा असतो आणि त्यात दोन मुख्य विभाग असतात: एक ड्राफ्ट, म्हणजे पुस्तकात जाणारा मजकूर, आणि दुसरा रिसर्च, म्हणजे त्या मजकुराचा आधार. ड्राफ्टमध्ये फक्त मजकुराचेच तुकडे ठेवता येतात. छायाचित्रे, पीडीएफ, ध्वनिफिती हे सारे रिसर्चमध्ये जाते. ही शिस्त सुरुवातीला जाचक वाटली, पण आत्मचरित्रासाठी ती फार हिताची आहे. जुने छायाचित्र हाती आले की ते मजकुरात डकवून त्याखाली दोन ओळी लिहिण्याचा मोह होतो, आणि मग पुस्तकाऐवजी अल्बम तयार होतो. इथे छायाचित्र शेजारी उघडे ठेवून त्यात काय दिसते ते शब्दांत उतरवण्याची सवय लागते.

ड्राफ्टमधला मजकूर हवा तितका लहान तोडता येतो. प्रत्येक तुकड्याला एक कार्ड असते, त्यावर शीर्षक आणि दोन-चार ओळींचा सारांश लिहायची सोय असते, आणि ही सगळी कार्डे बुचाच्या फळ्यावर टाचणीने लावावीत तशी पडद्यावर मांडून दिसतात. पहिले तीन आठवडे मी एकही परिच्छेद लिहिला नाही. सकाळी फिरून आलो की आठवेल त्या प्रसंगाचे कार्ड करायचे, एवढेच केले. ‘पानशेतची दुपार’, ‘पहिला मस्टर’, ‘आत्याची पाटली’, ‘बदलीचा ट्रक आणि तुळशीचे वृंदावन’, अशी नव्वदएक कार्डे झाली. कोणते आधी, कोणते नंतर हा प्रश्न त्या वेळी मनाला शिवूही दिला नाही. ज्यांचे आत्मचरित्र पहिल्या प्रकरणापाशीच अडले आहे, त्यांना मी हेच करायला सांगेन, कारण या सॉफ्टवेअरचे खरे बळ इथे आहे. क्रम ठरण्याआधी लिहिता येते, आणि लिहिलेले हरवत नाही.

आता थोडे लेबलांविषयी. प्रत्येक तुकड्याला एक रंगीत लेबल देता येते आणि त्या लेबलांची नावे आपण ठरवू शकतो. कादंबरीकार तिथे पात्रांची नावे घालतात. मी तिथे पुराव्याचा प्रकार घातला: जे केवळ मला आठवते त्याला पिवळा रंग, ज्याला डायरी किंवा पत्र यांसारखा कागद आहे त्याला हिरवा, जे दुसऱ्याकडून ऐकले त्याला निळा, आणि ज्यात दोन आधार एकमेकांशी जुळत नाहीत त्याला तांबडा. तीन महिन्यांनी फळ्याकडे पाहिले तेव्हा नोकरीचा सारा भाग हिरवा होता आणि लहानपणाचा जवळजवळ संपूर्ण पिवळा. कोणाकडे जाऊन काय विचारायचे याची यादी त्या रंगांनीच करून दिली. थोरली चुलत बहीण त्या वेळी 84 वर्षांची होती. तिच्याकडे आधी जायचे हे मी त्या फळ्यावरून ठरवले, आणि वेळेवर गेलो याचे मला आज फार समाधान आहे.

याखेरीज प्रत्येक तुकड्याला आपल्या मनाप्रमाणे रकाने जोडता येतात. तिसऱ्या आवृत्तीत तारखेचा रकाना आहे, पण तो आत्मचरित्राला पुरत नाही, कारण त्याला पूर्ण तारीख लागते आणि आपल्याला आठवतो तो ‘1958 चा उन्हाळा’ किंवा ‘मुंज झाली त्या वर्षीची दिवाळी’. म्हणून मी साधा मजकुराचा रकाना घेतला आणि त्यात आधी वर्ष, मग महिना अशा पद्धतीने आकडे लिहिले, जसे 1958-04. आउटलाइनर या कोष्टकाच्या दृश्यात त्या रकान्याच्या मथळ्यावर क्लिक केले की सगळे तुकडे कालक्रमाने लागतात, आणि बाइंडरमधली मूळ रचना मात्र जशीच्या तशी राहते. एकाच प्रकल्पात आकडे कुठे देवनागरीत आणि कुठे इंग्रजी वळणाचे असे मिसळू देऊ नयेत, नाहीतर ही क्रमवारी विसकटते.

आता ज्या एका प्रसंगाने या साधनाची किंमत मला पटली तो सांगतो. 12 जुलै 1961 रोजी सकाळी पानशेतचे धरण फुटले आणि दुपारी खडकवासल्याची भिंतही गेली, तेव्हा मी दहा वर्षांचा होतो आणि आम्ही नारायण पेठेतल्या एका वाड्यात भाड्याने राहत होतो. त्या दुपारचे चित्र माझ्या मनात पक्के होते: आजीच्या हातात देवांचे ताम्हन, माझ्या कडेवर धाकटी बहीण, आणि आम्ही सगळे घाईघाईने पर्वतीच्या पायऱ्या चढत आहोत. हा प्रसंग मी आयुष्यभर सांगत आलो, मुलांना सांगितला, नातवंडांना सांगितला, आणि लिहिलाही तसाच.

स्क्रिव्हनरमध्ये लेखनाची जागा दोन भागांत विभागता येते. वरच्या भागात मी हा तुकडा उघडला आणि खालच्या भागात आईची तिसरी कॅसेट, जी भाच्याने संगणकावर घेऊन दिली होती. लिहिता लिहिता कळफलकावरूनच ध्वनी थांबवता आणि पुढे चालू करता येतो, आणि थांबवल्यावर तो काही सेकंद मागे जाऊन पुन्हा सुरू व्हावा अशीही सोय आहे, त्यामुळे ऐकून लिहून घेणे फार सोपे होते. आई पुराविषयी बोलत असताना मागून मी स्वतःच पर्वतीचा उल्लेख करताना ऐकू येतो, आणि त्यावर आई म्हणते, “अरे, त्या दिवशी कुठली पर्वती? त्या दिवशी आपण दाजींच्या माडीवरच होतो. पर्वतीला गेलो ते दुसऱ्या दिवशी, मामा न्यायला आला तेव्हा.” हे वाक्य मी 1994 साली समोर बसून ऐकले होते, आणि तरीही माझी आठवण तसूभर हलली नव्हती. मग मी खालच्या भागात आत्याला आलेले 19 जुलैचे पत्र उघडले. त्यातही वडिलांनी दाजींची माडी हेच लिहिले होते, आणि आजी दिवसभर जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून पाणी किती पायऱ्या चढले ते मोजत होती, हेही लिहिले होते.

तुकड्याचे लेबल मी पिवळ्याचे तांबडे केले. मजकूर बदलण्याआधी स्नॅपशॉट घेतला, म्हणजे त्या क्षणीची प्रत तुकड्याशी जोडून ठेवली. असे कितीही स्नॅपशॉट ठेवता येतात, त्यांना नावे देता येतात, जुना आणि नवा मजकूर ताडून पाहता येतो आणि वाटल्यास जुन्यावर परतता येते. मग प्रसंग नव्याने लिहिला. आता त्यात दाजींची माडी आहे, पायऱ्या मोजणारी आजी आहे, आणि साठ वर्षे माझ्या मनात उभी असलेली पर्वतीही आहे, पण ती माझी आठवण म्हणून आहे, घडलेली गोष्ट म्हणून नाही. तो मला आजवर लिहिलेल्यांतला सर्वांत खरा तुकडा वाटतो. कॅसेट कपाटात, पत्र पेटीत आणि मजकूर संगणकात असता, तर या तिघांची गाठ कधीच पडली नसती.

दुसरी मोठी सोय कलेक्शनची. लेबल एका तुकड्याला एकच देता येते, पण कीवर्ड कितीही देता येतात: माणसांची नावे, गावे, विषय. एखाद्या कीवर्डाचा शोध घेतला की तो शोध कलेक्शन म्हणून जतन करता येतो, आणि त्याचे रूपांतर साध्या यादीत केले की त्या यादीतला क्रम आपण बाइंडरला धक्का न लावता हवा तसा बदलू शकतो. एके दिवशी सहज ‘पाणी’ या शब्दावर शोध घेतला आणि 31 तुकडे समोर आले. पानशेत त्यात होतेच. शिवाय पुरानंतर पेठांतल्या विहिरींवर लागलेल्या रांगा होत्या. 1972 च्या दुष्काळात नगर जिल्ह्यातल्या पाझर तलावाच्या कामावर झालेली माझी पहिली नेमणूक होती, जिथे मस्टरवर बाराशे मजूर होते, फोडलेली खडी ब्रासने मोजून घ्यायची होती आणि दुपारी सुकडी वाटली जायची. सासुरवाडीची 70 फूट खोल विहीर होती. कालव्याच्या पाळीवरून दोन गावांत झालेले 1984 चे भांडण होते, ज्यात चारीच्या दारावर मी रात्रभर बसून राहिलो. आणि शेवटच्या आजारात आईने मागितलेले पेलाभर पाणी होते, जे देण्याची डॉक्टरांनी मनाई केली होती.

हे 31 तुकडे मी सलग वाचले. अनेक तुकडे निवडले की ते एकाच लांब मजकुरासारखे एकाखाली एक उघडतात, आणि कुठला तुकडा कुठे संपतो ते बारीक रेघेने कळते. वाचून झाल्यावर पुस्तक जन्मापासून सुरू करायचे नाही हे ठरले. ते आता 1972 च्या मे महिन्यात, कोरड्या ओढ्याच्या पात्रात हातात टेप धरून उभ्या असलेल्या एकवीस वर्षांच्या ओव्हरसीअरपासून सुरू होते, आणि पानशेतचा पूर पाहिलेला मुलगा त्याच्या आठवणीतून पुढे येतो. ही रचना सॉफ्टवेअरने सुचवली असे म्हणणे चूक ठरेल. ती माझ्या आयुष्यातच होती. पण 31 तुकडे एका जागी आणून, त्यांचा क्रम दहा वेळा बदलून, दर वेळी सलग वाचून पाहणे मला कागदावर किंवा एकाच मोठ्या फाइलमध्ये जमले नसते, हे मी खात्रीने सांगू शकतो.

आत्मचरित्रात आणखी एक नाजूक प्रश्न असतो, तो म्हणजे जिवंत माणसांचा. भावाशी वाटणीवरून आलेल्या दुराव्याविषयी मी चार तुकडे लिहिले आहेत, कारण लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नव्हते. पण ते छापायचे की नाही हे ठरलेले नाही. प्रत्येक तुकड्याच्या बाजूला, तो अंतिम प्रतीत घ्यायचा की नाही, अशी एक खूण असते. ती काढली की तुकडा आपल्या जागी राहतो, आसपासच्या मजकुराशी त्याचा संबंध तुटत नाही, पण बाहेर काढलेल्या प्रतीत तो येत नाही. शेजारी टाकलेल्या टीपाही प्रत काढताना गाळता येतात. बहिणीला वाचायला दिलेली प्रत आणि माझ्यापुरती ठेवलेली प्रत अशा दोन प्रती मी एकाच प्रकल्पातून काढल्या, आणि तिने पेन्सिलीने केलेल्या खुणा पाहून त्या चारांपैकी एक तुकडा पुस्तकात घेण्याचे ठरवले.

मराठीच्या बाबतीत काय होते, हे सविस्तर सांगणे भाग आहे. स्क्रिव्हनरचा सारा पडदा, मेनू आणि शिकवणी इंग्रजीत आहे. मराठी पर्याय नाही. हेल्प मेनूत जी शिकवणी आहे ती उत्तम आहे, पण तिला किमान दोन तास द्यावे लागतात, आणि इंग्रजी वाचण्याची सवय नसेल तर कोणाला तरी शेजारी घेऊन बसावे. लिहिण्यासाठी युनिकोड, म्हणजे सर्व संगणकांवर सारखीच वाचली जाणारी, देवनागरी चालते. मी इनस्क्रिप्ट या देवनागरी कळफलकाने टाइप करतो. ज्यांना ते येत नाही त्यांच्यासाठी विंडोजमध्ये मराठी फोनेटिक कळफलक आहे. बोटे चालत नसतील त्यांनी गूगल डॉक्समध्ये मराठीत बोलून टाइप करावे आणि तो मजकूर इथे आणावा. आमच्या एका स्नेह्यांनी तसेच केले आहे, मात्र विरामचिन्हे त्यांना मागाहून हाताने घालावी लागली.

एक बारकी पण महत्त्वाची गोष्ट ‘ऱ्य’ची. ‘पायऱ्या’, ‘दुसऱ्या’, ‘डायऱ्या’ या शब्दांतला अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिला जातो. एका रीतीत नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त असतो, दुसरीत साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह असते. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण शोध घेताना ते वेगळे शब्द ठरतात. माझे स्वतःचे टाइपिंग एका रीतीचे होते आणि भाच्याने फोनवरून लिहून पाठवलेला मजकूर दुसऱ्या, त्यामुळे ‘डायऱ्या’ शोधले की निम्मेच तुकडे सापडत. हा दोष कुठल्या एका सॉफ्टवेअरचा नाही. संपूर्ण प्रकल्पात एकदम बदल करण्याची सोय स्क्रिव्हनरमध्ये आहे, ती वापरून मी सगळे एका रीतीचे करून घेतले. त्याआधी प्रकल्पाची प्रत काढून ठेवली होती, कारण असा सरसकट बदल सहज मागे घेता येत नाही.

निवृत्तीच्या वर्षी एका टंकलेखन केंद्रातून मी साठ पाने टाइप करून घेतली होती, ती जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये होती. तसा मजकूर इथे आणला की निव्वळ निरर्थक इंग्रजी अक्षरे दिसतात. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो, आणि बदलताना रफार आणि जोडाक्षरे बिघडतात, म्हणून मूळ छापील पाने समोर ठेवून ओळ न् ओळ तपासावी लागते. मला त्याला सहा आठवडे लागले. ज्यांच्याकडे असा जुना मजकूर आहे त्यांनी हा वेळ हिशेबात धरावा.

लिहिलेले तुकडे जोडून एकसंध प्रत काढण्याच्या क्रियेला इथे कंपाइल म्हणतात, आणि ती या सॉफ्टवेअरची सर्वांत अवघड बाजू आहे. तुकड्यांची शीर्षके छापायची की नाहीत, प्रकरण नव्या पानावर सुरू करायचे की नाही, दोन तुकड्यांमध्ये जागा सोडायची की चांदण्या घालायच्या, हे सगळे साच्यांवर ठरते, आणि तयार साचे रोमन लिपीतल्या पुस्तकांचा विचार करून बनवलेले आहेत. देवनागरीसाठी फॉन्ट आपण निवडून द्यावा. मी आयआयटी मुंबईने तयार केलेला शोभिका वापरतो, तो मोफत आहे आणि मोठ्या आकारात माझ्या डोळ्यांना सोसतो. माझा सल्ला असा की, कंपाइलमधून सजलेले पुस्तक काढण्याच्या भानगडीत पडू नये. साधी वर्डची फाइल काढावी आणि पुढचे अक्षरजुळणी करणाऱ्यावर सोपवावे, कारण मराठी पुस्तकाची पाने लावण्याचे काम त्याला आपल्यापेक्षा चांगले येते. फाइल देताना ती युनिकोडमध्ये आहे हे आवर्जून सांगावे.

सुरक्षिततेविषयी एक इशारा स्वतःच्या अनुभवावरून देतो. स्क्रिव्हनरचा प्रकल्प ही एकच फाइल नसते, तो अनेक लहान फायलींचा फोल्डर असतो. मी तो इंटरनेटवरच्या एका साठवण-सेवेत ठेवला होता, आणि घरच्या संगणकावर तो उघडा असतानाच मुलीकडे गेल्यावर तिच्या लॅपटॉपवर उघडला. दोन्हीकडचे बदल एकमेकांत मिसळले आणि सात तुकड्यांच्या दोन-दोन प्रती झाल्या. चूक माझी होती. प्रकल्प बंद करताना सॉफ्टवेअर आपण होऊन त्याची झिप प्रत काढून ठेवते, त्या प्रतीवरून सर्व परत मिळाले. तेव्हापासून जपून ठेवायच्या प्रतींची संख्या मी 25 वर नेली आहे, त्या वेगळ्या ड्राइव्हवर ठेवतो, आणि एका ठिकाणी प्रकल्प बंद केल्याशिवाय दुसऱ्या ठिकाणी उघडत नाही.

ज्यांचे लेखन शंभर पानांच्या आत राहणार आहे, किंवा ज्यांच्या आठवणी खरोखर सरळ क्रमाने येतात, त्यांना याची गरज नाही. वर्डमध्ये प्रत्येक प्रसंगाला शीर्षकाची शैली दिली तर बाजूच्या पट्ट्यात ती शीर्षके दिसतात आणि ओढून पुढेमागेही करता येतात. तेवढे त्यांना पुरेल. सायमन हेन्स यांचे वायरायटर मोफत आहे आणि तेही तुकड्यांनी लिहू देते, पण त्याची सारी घडण प्रसंग आणि पात्रे यांच्याभोवती, म्हणजे कादंबरीसाठी आहे. कागदपत्रांचा मोठा साठा शेजारी बाळगायचा असेल तर मला स्क्रिव्हनरच योग्य वाटते. त्याच्याही तयार साच्यांत कादंबरीचे साचे पुष्कळ आहेत. ते टाळावेत आणि कोऱ्या प्रकल्पापासून सुरुवात करावी.

किंमत सुमारे 60 डॉलर, म्हणजे पाच हजार रुपयांच्या आसपास, आणि ती एकदाच भरायची आहे. दरमहा वर्गणी नाही. मॅक आणि विंडोजचे परवाने वेगवेगळे घ्यावे लागतात. विकत घेण्याआधी 30 दिवस सगळ्या सोयींसह वापरून पाहता येते, आणि हे दिवस प्रत्यक्ष वापराचे मोजले जातात, म्हणजे आठवड्यातून दोनदाच उघडले तर ते पंधरा आठवडे पुरतात. त्या काळात सारे आयुष्य मांडायला घेऊ नये. एकच प्रसंग निवडावा, त्याचे छायाचित्र, पत्र किंवा कोणाचा रेकॉर्ड केलेला आवाज असेल तर तो रिसर्चमध्ये आणावा, त्या प्रसंगाभोवतीची दहाएक कार्डे करावीत, पडदा दोन भागांत विभागून त्यांतली दोन-तीन लिहून काढावीत आणि वर्डची फाइल काढून घरच्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला कागदावर वाचायला द्यावी.